कड्याचा बाक कड्याचाच

पहाटे साडेचार. हरिश्चंद्रगडावरच्या झोपडीत मावशींनी चूल पेटवली आहे. "दादा, कोरा चहा चालंल का? दूध संपलंय." चालतो. ऑक्टोबरचा पहिला आठवडा आहे: पाऊस ओसरलाय, सोनकी अजून टिकून आहे आणि कोकणातलं धुकं सकाळी कड्यापर्यंत चढतं. पाठीवर ट्रायपॉड, कॅमेरा आणि २४ मिलिमीटरची टिल्ट-शिफ्ट लेन्स, म्हणजे कॅमेरा न हलवता कलवता (टिल्ट) आणि सरकवता (शिफ्ट) येणारी.

साडेपाच. कोकणकडा. विजेरीच्या उजेडात ट्रायपॉड पाणसळीत आणायचा. या कामाला मी हवा तेवढा वेळ देतो, कारण पुढचं सगळं पाणसळीच्या बुडबुड्यावर उभं असतं. कोकणकडा अर्धगोल आहे, शिवाय पोटात आत गेलेला. दरी दिसावी म्हणून कॅमेरा खाली झुकवून फिरवला, तर जोडलेल्या चित्रात क्षितिज वाकतं. इथल्या कितीतरी फोटोंमध्ये ते तसं दिसतं आणि मला ते सहन होत नाही. कड्याला स्वतःचा बाक आहे. चित्रात तेवढाच दिसायला हवा.

साडेसहा. पहिला सेट काठावरून जरा मागे, सोनकीत. कॅमेरा जमिनीपासून सत्तर सेंटिमीटरवर, आडवा. लेन्स दोन अंश खाली टिल्ट केली की स्पष्टतेचं प्रतल पायाखालच्या जमिनीतून थेट क्षितिजाकडे पसरतं. टिल्टचा कोन आणि कॅमेऱ्याची उंची यांचं हे नातं १९०४ मध्ये पेटंट घेणाऱ्या ऑस्ट्रियन लष्करी अधिकारी थिओडोर शाइम्पफ्लुग यांच्या नियमाशी जोडलेलं आहे. फायदा असा, की एफ ८ वर दीड मीटरवरची फुलंही तीक्ष्ण येतात आणि दूरची डोंगररांगही. छिद्र आणखी बारीक करायची गरज नसल्याने शटर वेगवान ठेवता येतं. वारा फुलांना एक क्षण स्वस्थ बसू देत नाही, तेव्हा हे फार मोलाचं.

एक्स्पोजर शिफ्ट शून्यावर असतानाच मोजून हाताने बांधायचं. लेन्स सरकल्यावर कॅमेऱ्याचं मोजमाप फसतं. मग बारा मिलिमीटर डावीकडे, मध्य, बारा उजवीकडे. तीन फ्रेम. सेन्सर जणू ३६ ऐवजी ६० मिलिमीटर रुंद होतो आणि सुमारे १०३ अंशांचा देखावा सपाट जोडला जातो. ट्रायपॉडला मी लेन्स पकडणारी कॉलर लावतो, म्हणजे लेन्स जागेवर राहते आणि मागचा कॅमेरा सरकतो. उलटं झालं तर जवळचं फूल प्रत्येक फ्रेममध्ये मागच्या डोंगरापुढे वेगळ्या जागी पडतं आणि जोड उघडा पडतो.

आठ. सूर्य पाठीमागे, धुकं समोर खाली. इंद्रवज्र उमटण्याची हीच वेळ. कर्नल साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकात याच गडावरचं हे वर्तुळाकार इंद्रधनुष्य नोंदवून ठेवलं. आज धुकं विरळ आहे. थोडा रंग दिसतो, पुसला जातो.

दहा ते तीन. कड्यावर कॅमेरा नाही. सूर्य डोक्यावर आणि कडा सावलीत, त्यात काही नाही. पिठलं-भाकरी, झोप. मध्ये हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर: कॅमेरा समपातळीत ठेवून लेन्स वर सरकवली, की कळस मागे कलंडत नाही.

साडेचार. आता कड्याच्या ओठावर. खालून येणारा वारा इतका जोरकस, की ट्रायपॉडला पिशवी टांगतो आणि लेन्सहूड काढतो. कॅमेरा उभा, समपातळीत. लेन्स बारा मिलिमीटर खाली. क्षितिज फ्रेमच्या वरच्या सहाव्या भागात येतं आणि तळाची कड ५१ अंश खाली दरीत पोचते. कॅमेरा जराही न झुकवता.

साडेपाच. पश्चिमेचं ऊन बेसॉल्टवर तिरपं येतं. लाव्हाचे थर एकेक करून उघडतात. डावीकडून उजवीकडे, तीस-तीस अंशांनी कॅमेरा फिरवायचा. तीन फ्रेम जेवढं सामावू शकत नाहीत, तेवढं इथे लागतं. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, सगळं कुलूपबंद. पोलरायझर मुद्दाम लावलेला नाही. इतक्या रुंद आभाळात तो एका बाजूला काळा डाग पाडतो. आधी सावलीकडे सरकणारी बाजू घेतो, कारण तिथलं ऊन पहिल्यांदा जातं. अशा चित्रात क्षितिज सरळ राहतं, पण त्याच्याखालचे थर थोडे वाकतात. म्हणून मधल्या भागाचा सपाट सेटही घेतो. घरी दोन्ही शेजारी ठेवून ठरवायचं.

सात. ऊन गेलं.

साडेआठ. झोपडीत वहीत प्रत्येक सेटची दिशा, शिफ्ट, टिल्ट लिहितो, कार्डाची दुसरी प्रत काढतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर कडेच्या फ्रेम मोठ्या करून बघतो: उजवीकडची एक वाऱ्याने हललेली आहे. मावशी विचारतात, "उद्या पण जायचं का कड्यावर?" संध्याकाळी पुन्हा, तीच जागा, तोच कोन.