मॉरिशसला जाणाऱ्या प्रवाशासाठी

हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेस, मॉरिशस हे ज्वालामुखीच्या खडकांचे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर. म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या चतुर्थांशाहूनही कमी. पर्यटनासाठी जाणाऱ्या भारतीयास आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. परतीचे तिकीट, निवासाच्या व्यवस्थेचा पुरावा आणि खर्चापुरते पैसे मात्र जवळ असावे लागतात. नाण्याचे नाव रुपयाच, नोटेवर हिंदी व तमिळ अक्षरे, रस्त्यावरील वाहने डाव्या बाजूने जाणारी. घड्याळ तेवढे दीड तास मागे घ्यावे लागते. इतके सारे ओळखीचे पाहून प्रवासी निर्धास्त होतो, आणि नेमके तेथेच त्याने सावध व्हावयास हवे. तेथील वारा, समुद्र, कायदा आणि भाषा ही त्या बेटाची स्वतःची आहेत.

प्रथम ऋतूंचा विचार. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे नोव्हेंबर ते एप्रिल हा तेथील उन्हाळा व पावसाचा काळ, तर मे ते ऑक्टोबर हा हिवाळा. आपल्याकडे आषाढधारा कोसळत असतात, तेव्हा तेथे कोरडी, सुखद हवा असते. चक्रीवादळे येतात ती उन्हाळ्यात. १९६० च्या फेब्रुवारीअखेरच्या ‘कॅरोल’ वादळाने हजारो घरे भुईसपाट केली. जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ वादळाच्या पावसाने राजधानी पोर्ट लुईचे रस्ते पाण्याखाली गेले. वादळाची सूचना पहिल्या वर्गापासून चौथ्या वर्गापर्यंत चढत्या क्रमाने दिली जाते. पहिली सूचना मिळताच पिण्याचे पाणी, विजेरी व कोरडे खाद्यपदार्थ जमवावेत. तिसऱ्या वर्गानंतर निवासस्थान सोडू नये. ताशी १२० किलोमीटर वेगाचे झोत प्रत्यक्ष वाहू लागले म्हणजे चौथा वर्ग जाहीर होतो. अशा वेळी वारा एकाएकी पडला, तर वादळ सरले असे मानून बाहेर पडणे प्राणघातक ठरू शकते. वादळाचा ‘डोळा’ माथ्यावरून जात असता अशी शांतता पसरते, आणि थोड्याच वेळात विरुद्ध दिशेने तितकाच प्रचंड वारा सुटतो.

समुद्राचेही तसेच. बेटाच्या बहुतेक किनाऱ्याभोवती प्रवाळांचा कठडा आहे. लाटा त्यावर फुटतात आणि आतील उथळ खाजणात पाणी संथ राहते. पोहावयाचे ते तेथेच. दक्षिणेस ग्री-ग्री येथे हा कठडा खंडित झाल्यामुळे महासागर थेट कड्यावर आदळतो. ते दृश्य डोळे भरून पाहावे, परंतु पाण्यात उतरू नये. खाजणातही पायांत रबरी जोडे असावेत. दगडासारखा दिसणारा ‘स्टोनफिश’ नावाचा मासा तळाशी निश्चल पडलेला असतो आणि त्याचा विषारी काटा असह्य वेदना देतो. आठवण म्हणून प्रवाळ वा शंख उचलून आणणे कायद्याविरुद्ध आहे.

सामान बांधताना घरच्या आंब्यांची करंडी किंवा तुळशीचे रोप बरोबर घेण्याचा मोह टाळावा. वनस्पती व फळे परवान्यावाचून नेता येत नाहीत, आणि ऊस तर मुळीच नाही. ज्या बेटाने पिढ्यान्‌पिढ्या उसावर गुजराण केली, त्याने परक्या किडीचे भय बाळगावे हे योग्यच. अमली पदार्थांविषयीचे कायदे कडक आहेत. झोपेच्या गोळ्या व तीव्र वेदनाशामके यांना पूर्वपरवानगी लागते. अन्य औषधेही डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मूळ वेष्टनातच न्यावीत.

अंतरे थोडी असली तरी हवा झपाट्याने पालटते. पोर्ट लुईत घाम निघत असता मध्यपठारावरील क्युरपीप येथे धुके व पाऊस असू शकतो. एखादे गरम वस्त्र जवळ असू द्यावे. या दोन शहरांना आता मेट्रो रेल्वेने जोडले आहे. इतरत्र बस सोयीची, मात्र सायंकाळनंतर ती विरळ होते. शाकाहारी माणसाची तेथे आबाळ होत नाही. रस्त्यावर मिळणारी, डाळीचे पुरण भरलेली ‘ढोल पुरी’ स्वस्त व पोटभरीची असते.

राहता राहिला माणसांचा प्रश्न. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, तेव्हा उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यात येत होते. १८३४ ते १९२० या काळात सुमारे पाच लक्ष लोक असे आले. बिहारी व तमिळ मजुरांप्रमाणे कोकणातील मराठी माणसेही मुंबई बंदरातून गेली. त्यांच्या वंशजांनी गणेशचतुर्थी जपली आहे आणि तो तेथे सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. परंतु घरीदारी बोलली जाते ती क्रिओल. वृत्तपत्रे बहुधा फ्रेंच, सरकारी कारभार इंग्रजीत. चेहरा पाहून कोणाशी हिंदी वा मराठी सुरू करण्याऐवजी प्रथम ‘बोंझूर’ म्हणावे. ‘तुमचे मूळ गाव कोणते?’ हा आपल्याकडील साधा प्रश्न तेथे जपून विचारावा, कारण पुष्कळांच्या घराण्यात ती आठवण उरलेली नाही. ती शोधू पाहणाऱ्यास मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या स्थलांतरितांच्या जुन्या नोंदवह्या चाळाव्या लागतात.

म्हणून समुद्रकिनारा गाठण्यापूर्वी पहिल्याच दिवशी पोर्ट लुईतील आप्रवासी घाट पाहावा. ज्या दगडी पायऱ्या चढून ते मजूर आत आले, त्या तेथे अद्याप आहेत. २००६ मध्ये या स्थळास जागतिक वारशाचा मान मिळाला. तो पाहिल्यावर भेटणाऱ्या माणसांशी कसे बोलावे, हे प्रवाशास निराळे सांगावे लागणार नाही.