नागोठण्याच्या माणसाचा कागद पेणला

नागोठण्यात घराण्याचा शोध घ्यायला निघालेला माणूस आधी रोहा तहसील गाठतो. बरोबरच आहे, आज गाव रोहा तालुक्यात आहे. पण इंग्रजी अमदानीत नागोठणे हा पेण तालुक्यातला पेटा होता. तेव्हा रोह्याला दप्तर सापडलं नाही, तर पेणला विचारल्याशिवाय हात टेकू नयेत. 1869 पूर्वी तर कुलाबा (आजचा रायगड) हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता. कारभार ठाण्याकडे होता.

सुरुवात सातबाऱ्यापासून. त्यावरचे फेरफार क्रमांक धरून एकेक नोंद मागे जायचं आणि नकलेसाठी अर्ज करायचा. हक्कनोंदणीचा कायदा 1903 चा, त्यामुळे नशीब असेल तर खापरपणजोबा इथेच भेटतात. मोडी मजकुरासाठी मात्र जाणकार गाठावा लागतो.

खरी गंमत वारसनोंदीत. समजा, मजकूर असा आहे : ‘राघो बिन धर्माजी मयत. वारस मुलगे गणू व शिवा, अज्ञान, पा. क. आई काशी कोम राघो.’ बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको, अज्ञान म्हणजे अल्पवयीन, पा. क. म्हणजे पालनकर्ता. घरात सगळ्यांना गणू ठाऊक. शिवाचं नावही कुणी ऐकलेलं नाही. तो लहानपणीच वारला, असं मानून बरेच जण पुढे जातात. घाई करू नये. पुढच्या फेरफारांत त्याचा हिस्सा कसा गेला ते बघावं. तिथे ‘दत्तक गेला’ एवढे दोन शब्द असले, की दुसऱ्या गावातलं, दुसऱ्या आडनावाचं एक अख्खं घर तुमचं भाऊबंद निघतं. मुलींचंही तसंच : नावापुढे ‘भ्र.’ (भ्रतार) आणि नवऱ्याचं नाव असतं, त्यावरून सासरचा माग लागतो.

पडताळा कोतवाल बुकात, म्हणजे जन्ममृत्यूच्या गाव नमुना 14 मध्ये घ्यायचा. तिथे बाळाचं नाव पुष्कळदा नसतंच, नुसतं ‘मुलगा’. म्हणून तारीख शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरशी जुळवावी. आजोबाचं नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत असल्यामुळे राघोही दोन-तीन निघतात. सलग तीन पिढ्या जुळल्याशिवाय नातं धरू नये.

आडनावाचा भरवसा तर नकोच. रोहेकर, पेणकर ही आडनावं बेने इस्रायल ज्यूंमध्येही आहेत. आडनाव गावाचा पत्ता देतं, रक्ताचा नाही.