उजव्या मनगटाची आडवाट

नागपूरच्या एका कॅथलॅबमध्ये शिशाचा एप्रन चढवून उभा होतो. टेबलावर गडचिरोली जिल्ह्यातून आलेले साठीतले एक काका. चालताना छाती भरून येते, म्हणून अँजिओग्राफी. उजव्या मनगटातून तार आत गेली आणि डॉक्टर म्हणाले, "टायगर द्या." काकांनी चटकन मान वळवली. त्यांच्याकडे वाघ नरडं धरतो; इथला टायगर म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटरची, वाकड्या टोकाची नळी.

खांद्यापर्यंत सगळं सुरळीत. तिथून तारेनं हृदयाकडे वळायचं, तर ती मणक्याच्या डाव्या बाजूनं थेट पोटाकडे उतरली. "श्वास ओढा, धरून ठेवा." पुन्हा तेच. कॅमेरा तिरका केला, थोडं डाय सोडलं आणि पडद्यावर उलगडा झाला. उजव्या हाताची धमनी महाधमनीच्या कमानीवर सगळ्यांत आधी निघायला हवी. यांची निघाली सगळ्यांत शेवटी, डाव्या हाताच्या धमनीच्याही पलीकडून, आणि आडवी होऊन उजवीकडे आलेली. गर्भात उजवीकडची एक कमान विरून गेली की असं होतं. शंभरात साधारण एखाद्याला.

अशी धमनी बहुधा अन्ननलिकेच्या मागून जाते. म्हणून डॉक्टरांनी विचारलं, "काका, घास अडकते का?"

"भात कायला अडकते जी?"

बहुतेकांना काहीच होत नाही. लंडनच्या डेव्हिड बेफर्ड यांनी अठराव्या शतकात नोंदवलेल्या हकिकतीतली बाई मात्र गिळता न आल्यानं खंगून गेली होती. धमनी दिसली ती शवविच्छेदनात. अँजिओग्राफी जांघेतून व्हायची तोवर डॉक्टरांची या धमनीशी सहसा गाठ पडायचं कारण नव्हतं. १९८९ मध्ये माँट्रियलच्या ल्युसियाँ कांपो यांनी मनगटाची वाट दाखवली, आणि ही आडवी येऊ लागली.

डॉक्टरांनी हट्ट सोडला, डावं मनगट घेतलं. काम पटकन झालं. एका नसेत मध्यम अडथळा, औषधं पुरेत. मला मोलाचं वाटलं ते पुढचं. रिपोर्टवर ठळक लिहिलं गेलं: 'उजवं मनगट नको. डावं किंवा जांघ.' उद्या झटका आलाच, तर गडचिरोलीहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या वर. त्यात टेबलावर पुन्हा हीच शोधाशोध कोण करणार?

"ऑपरेशन लागन का जी?" काकांच्या मुलानं विचारलं.

नाही. गिळायला त्रास झाला किंवा धमनीच्या मुळाशी फुगा आला, तरच.

"मंग हे लिवलं कायला?"

डॉक्टरांनी कारण सांगितलं, त्याच्याच फोनवर कागदाचा फोटो काढायला लावला आणि घरातल्या आणखी दोघांना तो तिथंच पाठवायला सांगितला.