खांद्यावर बसणारी सायकल

वीकएण्डला सायकलिंग करता? मग हा सीन ओळखीचा असेल. पहाटे पाचला हेल्मेट, ग्लोव्हज, बाटली सगळं जय्यत तयार आणि नेमकी सायकलच चुकीची!

गेल्या ऑगस्टमध्ये माझं असंच झालं. आम्ही तिघं सायकली गाडीवर लादून जुन्नरला गेलो. तिथून आपटाळे, चावंड, घाटघर करत नाणेघाट गाठायचा, असा प्लॅन. माझी रोड बाइक, टायर 25 एमएमचे. डांबरावर मीच राजा! पण आपटाळ्याच्या पुढे एकाने शॉर्टकट म्हणून पाणंदीत घातलं आणि पाचच मिनिटांत टायर आणि ब्रेकच्या फटीत असा चिखल बसला, की चाक फिरेना. काडीने चिखल उकरत बसलो.

दुसऱ्या मित्राची सायकल दिसायला माझ्यासारखीच. तेच खाली वळलेलं हॅण्डल, तशीच सडपातळ फ्रेम. तो मात्र मजेत पुढे. खाचराचा बांध आला की पठ्ठ्या चालत्या सायकलवरून उतरायचा, ती खांद्यावर टाकायचा आणि बांध ओलांडला की पुन्हा टुणकन वर. भातात उभे असलेले एक आजोबा म्हणाले, ‘आमच्याकडं माणूस सायकलीवर बसतोय, तुमच्यात सायकलच माणसावर बसलीय!’

ती होती सायक्लोक्रॉस. युरोपात थंडी-पावसात, चिखलाच्या मैदानात साधारण तासभर गोल गोल फिरायच्या रेससाठी बनलेली. वाटेत 40 सेंटीमीटर उंचीच्या फळ्या, पायऱ्या, निसरडे चढ. जिथे चालवता येत नाही तिथे उचलून पळायचं. या खेळाची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप पॅरिसला झाली, 1950 मध्ये.

एकदा हे ‘उचलून पळणं’ लक्षात आलं, की सायकल आपोआप समजते. फ्रेमच्या त्रिकोणात खांदा घालायचा, म्हणून केबल्स वरच्या दांड्यावरून नेलेल्या असायच्या आणि रेसमध्ये बाटलीला सुट्टी. टायरना खाचा, पण आंतरराष्ट्रीय रेसच्या नियमाने रुंदी फार तर 33 एमएम. खरी गंमत टायरच्या आजूबाजूला आहे. तिथे मुद्दाम मोकळी जागा सोडलेली असते, म्हणजे चिखल अडकत नाही. पूर्वी कॅण्टिलिव्हर ब्रेकही याच कारणाने वापरत. डिस्क ब्रेकला रेसमध्ये परवानगी मिळाली 2010 मध्ये.

माउंटन बाइकचा प्रश्नच वेगळा. सस्पेन्शन, जाडजूड टायर. दगडधोंड्यांत भारी, पण पुणे-नाशिक हायवेवर जीव काढते. आणि हायब्रिड म्हणजे ‘आता रोज ऑफिसला सायकलनेच’ म्हणत आपण घेतो आणि बाल्कनीत ठेवतो ती. (माझी अजून आहे.)

नाणेघाटात सातवाहनकालीन लेण्यापेक्षा मी मित्राची सायकलच जास्त न्याहाळली. बोनस यायचा होता, निर्णय जवळजवळ झालाच होता. मित्र म्हणाला, ‘आधी एक दिवस चालवून बघ.’

म्हणून पुढच्या महिन्यात तीच सायकल घेऊन मंचरहून निघालो. घोडेगाव, डिंभे धरण आणि पुढे भीमाशंकरची चढण. घोडेगावपर्यंत मी हवेत! चढणीवर मात्र हवा गेली. पुढच्या चकत्या 46 आणि 36 दातांच्या, म्हणजे दमल्या पायांना हलका गिअरच नाही. बाटली एकच, तीही अर्ध्या वाटेत संपली. बॅग लटकवायला जागा नाही. पाठीवर सॅक, कंबरेचं भजं. तासाभराच्या रेसची सायकल मी दिवसभर पिळत होतो, तिचा काय दोष!

दिवसभराच्या अशा भटकंतीसाठी तिची चुलत बहीण आहे, ग्रॅव्हल बाइक. टायर 40 एमएमच्या आसपास, चाकांमधलं अंतर जास्त, त्यामुळे चाल शांत. चढणीला हलके गिअर आणि बाटल्या-बॅगांसाठी जागोजागी भोकं. जुन्नर-आंबेगावात थोडं डांबर, थोडी पाणंद आणि मध्येच घाट असतो. तिथे ऑफिसवाल्यांनी हीच घ्यावी, असं माझं मत. पाणंदीत पावसाळ्याचे चार महिने नुसतं खेळायचं असेल, तर सायक्लोक्रॉससारखी मजा नाही. फक्त शेतकऱ्याला विचारून जा आणि अंधार पडायच्या आत उसापासून लांब व्हा. हा बिबट्यांचा मुलूख आहे.

बोनस आला, मी ग्रॅव्हल घेतली. यंदाच्या पहिल्या पावसात पुन्हा त्याच बांधावर गेलो. चाकं मस्त फिरत होती. तेवढ्यात ती मित्रासारखी स्टाइलमध्ये खांद्यावर घ्यायला गेलो आणि दोन्ही बाटल्या बरगडीत घुसल्या.