जुन्या पिकअप गाडीस कोणतें तेल घालावें?

शेतमाल बाजारास नेण्याचें काम एके काळीं बैलगाडी करीत असे. आज तें बहुतेक ठिकाणीं पिकअप गाडीकडे आलें आहे. कांदा, टोमॅटो, दुधाचे कॅन, खताच्या गोण्या, इतकेंच काय, आजारी जनावरही ह्याच गाडींतून दवाखान्यास जातें. ह्यांपैकीं पुष्कळ गाड्या आतां दहा-पंधरा वर्षांच्या झाल्या आहेत. नवी गाडी घेणें सर्वांस परवडत नाहीं, आणि नीट निगा ठेविली तर जुनी गाडीही पुष्कळ वर्षें काम देते. परंतु 'गाडी जुनी आहे, तिला कोणतेंही तेल चालतें,' अशी एक समजूत गांवोगांव रूढ आहे. ती चुकीची आहे, इतकेंच नव्हे तर ऐन हंगामांत इंजिन जाम होण्याचे व उतारावर ब्रेक न लागण्याचे प्रसंग पुष्कळदां तिच्यामुळेंच येतात. म्हणून गाडींत कोणकोणतीं तेलें लागतात आणि तीं कशीं निवडावीं, ह्याचा विचार आम्हीं येथें योजिला आहे. आमचें विवेचन १ एप्रिल २०२० रोजीं बीएस-६ नियम लागू होण्यापूर्वींच्या डिझेल गाड्यांपुरतें, म्हणजे टाटा २०७ किंवा महिंद्राची जुनी बोलेरो पिकअप अशा गाड्यांपुरतें आहे.

आरंभींच एक सूत्र सांगतों. जमीन घेतांना विकणाऱ्याच्या बोलण्यावर न जातां आपण सातबारा पाहतों. तेलाच्या डब्याचेंही तसेंच आहे. डब्याच्या पुढील बाजूस मोठीं नांवें व चित्रें असतात. तेलाचा खरा उतारा मागील बाजूस बारीक अक्षरांत असतो. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत जे अंक व जीं अक्षरें दिलीं असतील तींच डब्यावर आहेत कीं नाहींत, एवढें ताडून पाहावें. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रांत गाडीचें मॉडेल व वर्ष सांगून हीं अक्षरें लिहून घ्यावीं. रंग, वास व भाव ह्यांवरून तेलाची परीक्षा होत नाहीं.

इंजिनाचें तेल.— हें तेल केवळ वंगणाचें काम करतें असें नाहीं. फिरत्या भागांतील घर्षण कमी करणें, उष्णता वाहून नेणें, डिझेल जळून होणारी काजळी पोटांत धरून ठेवणें आणि आम्लानें होणारी झीज थांबविणें, हीं चारही कामें त्यास करावीं लागतात. म्हणूनच डिझेल इंजिनांतील नवें तेल थोड्याच दिवसांत काळें होतें. काळें झालें म्हणजे बिघडलें असें नव्हे. तें काजळी धरीत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

डब्यावर दोन खुणा पाहावयाच्या. पहिली खूण दाटपणाची, उदाहरणार्थ '१५डब्ल्यू-४०'. ह्यांतील 'डब्ल्यू' हें हिंवाळ्याच्या इंग्रजी नांवाचें आद्याक्षर होय. त्याच्या आधींचा अंक थंडींत तेल किती सहज वाहतें हें दाखवितो, आणि नंतरचा अंक १०० अंश सेंटिग्रेड उष्णतेस तें किती दाट राहतें हें दाखवितो. पहिला अंक जितका लहान, तितकें तें थंडींत पातळ. दुसरा जितका मोठा, तितकें तें तापल्यावर दाट. १५डब्ल्यू तेलावर थंड इंजिन फिरतें कीं नाहीं, ह्याची परीक्षा उणे २० अंशांवर घेतात. आपल्याकडे निफाडची थंडी प्रसिद्ध आहे. पण तेथेंही पारा फार तर शून्याच्या आसपास जातो. तेव्हां केवळ पहिला अंक लहान मिळावा म्हणून जादा पैसे मोजण्याचें कारण महाराष्ट्रांत सहसा पडत नाहीं. दुसऱ्या अंकाविषयीं मात्र पुस्तिकेची आज्ञा मोडूं नये.

दुसरी खूण दर्जाची. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट ह्या संस्थेनें ठरविलेले हे दर्जे 'एपीआय' ह्या अक्षरांपुढें लिहितात. 'एस'नें सुरू होणारा दर्जा पेट्रोल इंजिनाचा, व 'सी'नें सुरू होणारा डिझेल इंजिनाचा. सीएच-४ हा दर्जा १९९८ सालीं, सीआय-४ हा २००२ सालीं आणि सीके-४ हा २०१६ च्या अखेरीस आला. ह्या मालिकेंत पुढचा दर्जा मागच्याच्या जागीं चालतो. मागचा पुढच्याच्या जागीं चालत नाहीं. पुस्तिकेंत सीएफ-४ लिहिलें असेल व बाजारांत तें मिळत नसेल, तर त्याच दाटपणाचें सीआय-४ तेल बेलाशक घ्यावें. ह्यास एकच अपवाद ध्यानांत ठेवावा. 'एफए-४' हा दर्जा सीके-४ बरोबरच निघाला. परंतु तो कांहीं नव्या इंजिनांसाठीं केलेल्या पातळ तेलाचा आहे. नवा म्हणून तो जुन्या गाडींत घालूं नये.

येथें पुष्कळांची एक शंका असते कीं, इंजिन झिजलें असतां दाट तेल घालावें कीं नाहीं? पुस्तिकेंतील हवामानाच्या कोष्टकांत उष्ण प्रदेशासाठीं २०डब्ल्यू-५० सारखें तेल मान्य केलें असेल, तर उन्हाळ्यांत तें घालण्यास हरकत नाहीं. परंतु त्यानें झीज भरून येते असें मात्र समजूं नये. धुराड्यांतून निळसर धूर येऊं लागला म्हणजे तेल जळत आहे. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील तपासून घेणें हाच त्यावर उपाय. दाट तेलानें दुखणें कांहीं दिवस झांकतें, बरें होत नाहीं.

दुसरी शंका ट्रॅक्टरच्या तेलाची. घरांत ट्रॅक्टरसाठीं मोठा कॅन आणलेला असतो. त्यांतलेंच पिकअपला घालावें काय? कॅन इंजिनाच्या तेलाचा असेल आणि त्यावरील दाटपणा व दर्जा दोन्ही पिकअपच्या पुस्तिकेशीं जुळत असतील, तर अवश्य घालावें. इंजिन चाकें मोजीत नाहीं. परंतु ट्रॅक्टरच्या मागील भागांत गिअर, हायड्रॉलिक व तेलांत बुडालेले ब्रेक ह्यांसाठीं जें तेल घालतात तें निराळें. तें इंजिनांत घातल्यास काजळी धरण्याची शक्ति त्यांत नसल्यामुळें इंजिनाची नासाडी होते.

सिंथेटिक तेल उत्तम खरें. परंतु ज्या जुन्या इंजिनांतून आधींच तेल पाझरतें, तेथें महाग तेल गळूं देण्यांत हशील नाहीं. योग्य दर्जाचें साधें तेल वेळेवर बदलणें व प्रत्येक वेळीं फिल्टरही नवा घालणें, ह्यानें अधिक लाभ होतो. बदलण्याची मुदत किलोमीटरमध्यें व महिन्यांमध्यें अशी दोन्ही दिलेली असते. जी आधीं येईल ती पाळावी. धूळ, भार व थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्या ह्यांना पुस्तिकांत अवघड काम म्हटलें असून त्यासाठीं मुदत कमी दिलेली असते. आणि आपलें काम बहुतेक त्याच सदरांत मोडतें. तेलाची पातळी सपाट जागीं, इंजिन बंद करून कांहीं मिनिटांनीं पाहावी. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे भरणेंही वाईट. त्यानें तेल घुसळून फेंस होतो व सीलवर दाब येतो. तेल दुधाळ चहासारखें दिसलें तर त्यांत पाणी शिरलें आहे असें समजावें व गाडी चालवूं नये.

गिअरबॉक्स व डिफरेन्शियल.— ह्या दोहोंस एकच तेल, असा सरसकट हिशेब करणें धोक्याचें आहे. गिअरच्या तेलावर 'जीएल-४' व 'जीएल-५' अशा खुणा असतात. जीएल-५ मध्यें गंधक व स्फुरद ह्यांचीं संयुगें अधिक असतात. डिफरेन्शियलचे दांते एकमेकांवर दाबून घसरत असल्यामुळें त्यांस तीं लागतात. परंतु पुष्कळ गिअरबॉक्समध्यें पितळी सिंक्रो रिंगा असतात, व तीं संयुगें पितळेस बाधूं शकतात. म्हणून पुस्तिकेंत गिअरबॉक्सला जीएल-४ सांगितलें असेल तर 'पांच हा चारांपेक्षां मोठा' ह्या न्यायानें जीएल-५ घालूं नये.

ब्रेक ऑइल.— इंजिन बिघडल्यास फार तर माल नासतो. ब्रेक बिघडल्यास प्राण जातो. ओतूर-जुन्नरकडून भाजी भरून माळशेज घाट उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक किती तापत असतील, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी. ब्रेकचें नेहमींचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें, आणि ओल शिरली कीं त्याचा उकळण्याचा बिंदु खालीं येतो. डॉट ३ जातीचें ताजें तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाहीं; ओल शिरलेल्या तेलासाठीं हीच मर्यादा १४० अंश धरली आहे. डॉट ४ साठीं ते आंकडे २३० व १५५ असे आहेत. तेल नळींत उकळलें कीं त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल तळास जाऊनही ब्रेक लागत नाहीं. सकाळीं गांवांत ठीक लागणारा ब्रेक घाटांत दगा देतो तो ह्याच कारणानें. तेव्हां पातळी पुरेशी असली तरी हें तेल दोन वर्षांनीं बदलावें, आणि बरेच दिवस उघडा राहिलेला डबा वापरूं नये. डॉट ३ च्या जागीं डॉट ४ चालतें. डॉट ५ मात्र सिलिकोनचें असून तें ह्यांत मिसळूं नये. इंजिनाचें तेल तर ब्रेकमध्यें थेंबभरही जातां कामा नये. त्यानें आंतील रबर फुगून निकामी होतें. आणि तेल कितीही चांगलें असलें तरी घाट खालच्या गिअरमध्येंच उतरावा.

रेडिएटरचें पाणी.— विहिरीच्या व बोअरच्या पाण्यांत क्षार असतात. चुलीवरच्या पातेल्यास जसा पांढरा थर धरतो तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो, आणि इंजिन तापूं लागतें. कूलंट केवळ थंड देशांतील बर्फासाठीं असतें हा समज बरोबर नाहीं. तें उकळण्याचा बिंदु वाढवितें व आंतील धातूस गंज चढूं देत नाहीं. गंज रोखणारीं द्रव्यें कालांतरानें संपतात, म्हणून तेंही मुदतीनें बदलावें. तयार मिश्रण घेतलें असेल तर त्यांत पाणी घालूं नये. दाट कूलंट असेल तर डब्यावरील प्रमाणांत शुद्ध केलेलें पाणीच मिसळावें. निरनिराळ्या जातींचीं कूलंटें एकत्र करूं नयेत, व रंग सारखा म्हणून जात सारखी असें मानूं नये. इंजिन गरम असतां झांकण उघडूं नये.

पॉवर स्टिअरिंगचें तेल पुस्तिकेप्रमाणें घालावें. तेथें ब्रेक ऑइल चालत नाहीं. बॅटरींत शुद्ध पाण्यावांचून कांहीं घालूं नये. पुष्कळ बीएस-६ गाड्यांत लागणारा युरियाचा द्राव आमच्या ह्या जुन्या गाड्यांस लागत नाहीं. कोणी आग्रह केला तरी तो डिझेलच्या टांकींत ओतूं नये.

काढलेल्या तेलाची व्यवस्था.— जळकें तेल बांधावर ओतणें, किंवा जनावरांच्या जखमेस लावणें, ह्या चाली सोडल्या पाहिजेत. त्यांत शिसें आदि धातु व त्वचेस घातक द्रव्यें असतात, आणि तें झिरपून विहिरीच्या पाण्यांत उतरतें. तें बंद कॅनमध्यें सांठवून, तेल परत घेणाऱ्या सेवाकेंद्रास किंवा गॅरेजास द्यावें. कूलंट ह्याहूनही वाईट. त्यांतील ग्लायकॉल चवीस गोड असतें, म्हणून कुत्रीं, वासरें व लहान मुलें त्याकडे ओढलीं जातात; आणि तें जहाल विष आहे. तें अंगणांत कधींही सांडूं देऊं नये. रिकामे डबे फोडून टाकावे. नाहींतर त्यांतच बनावट तेल भरून तें परत आपल्याच गांवांत विकावयास येतें.

शेवटीं एक सूचना. गाडीच्या नांवें एक लहान वही घालावी. तींत तारीख, किलोमीटर, कोणत्या जागीं कोणत्या खुणेचें किती तेल घातलें, व पुढें केव्हां बदलावयाचें, एवढे रकाने आंखावे. आणि पावती त्याच पानास टांचावी. गाडी दुसऱ्या मेकॅनिककडे नेली तर वही दाखवावी, म्हणजे आंत कोणतें तेल आहे ह्याचा त्यास अंदाज करावा लागत नाहीं. आणि गाडी विकण्याची वेळ आलीच, तर घेणाऱ्याचाही त्या वहीवर विश्वास बसतो.