बोर्ड लाकडी की प्लास्टिकचा?

मुरबाड-शहापूरकडे मटणाच्या दुकानात चिंचेचा ओंडका दिसतो. हे लाकूड भरीव, चिवट. सत्तुराच्या घावाने त्याच्या सहज ढलप्या निघत नाहीत. घरात मात्र विळीच्या जोडीला आता चॉपिंग बोर्ड आला आहे.

अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डीन क्लिव्हर यांना १९९०च्या दशकात आढळले, की लाकूड ओलावा शोषते. त्याबरोबर जिवाणू आत ओढले जातात आणि बरेचसे तिथेच मरतात. प्लास्टिकवर सुरीचे चरे पडले, की जिवाणू त्यांत दडून धुतल्यावरही टिकतात.

बोर्डवरून नख फिरवा. चऱ्यांत अडकले, तर तो बदला. साबण आणि गरम पाण्याने धुवा, उभा ठेवून वाळवा. कोंबडी-मासळीच्या बोर्डवर कोशिंबिरीची काकडी कधीही चिरू नका. त्यासाठी दुसरा बोर्ड ठेवाच.