भंगारातली मोटारसायकल कोळप्याला जुंपण्याआधी

सोयाबीनची रास घरात आली की बाप देण्याघेण्याचा हिशोब मांडून बसतो आणि पोरगा गॅरेजची वाट धरतो. दरवर्षीचे हे चित्र आहे. तीन वर्षांमागे असेच एक बाप-लेक दिवाळीनंतर माझ्याकडे आले होते. गोठ्यात १०० सीसीची जुनी मोटारसायकल पडून होती. पोराच्या मोबाइलमध्ये फोटो होता : पुढचे दांडे लांबलचक, सीट जमिनीला टेकल्यासारखी, मागे जाडजूड टायर. चॉपर म्हणतात तिला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या तरुणांनी जड मोटारसायकलींचे नको ते भाग कापून टाकायला सुरुवात केली, त्या कापाकापीवरून हे नाव पडले. १९६९ च्या 'ईझी रायडर' सिनेमाने ते जगभर नेले. पोराला तसली गाडी करायची होती, आणि तीही कमी पैशात.

बापाचे म्हणणे निराळे. बैलजोडी आदल्या वर्षी विकलेली. कोळपणीच्या दिवसांत भाड्याची जोडी मिळेना, मिळाली तर वेळेवर येईना. "साहेब, ह्याला गाडी कापायचीच हाय ना, तर कापू द्या. पण कोळपं वढंल अशी कर म्हणावं."

मी हसलो आणि म्हणालो, "करा की." हिशोब काही विचारला नाही. कृषी खात्याच्या माणसाने बी किती, खत किती, ओळीत अंतर किती हे विचारल्याशिवाय पेरणीचा सल्ला दिला असता का? इथे मात्र दिला. त्याचे काय झाले ते पुढे येईलच.

आधी पोरांसाठी चार शब्द. रस्त्यावर चालवायची गाडी मनासारखी कापून लांब-आखूड करणे कायद्याने चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कारखान्यातून आलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. प्रत्येक बदलामागे, हे ध्यानात घ्या. दांडे लांबवले तो एक, चेसिस कापली तो दुसरा. वर अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. पोलीस पाटलांनी आणि सरपंचांनी गावातल्या पोरांना हे गॅरेजला जाण्याआधी सांगितले तर बरे होईल.

शेतातली गोष्ट वेगळी आहे, आणि तिचा दाखला शेजारच्या गुजरातेत आहे. अमरेली जिल्ह्यातल्या मोटा देवळिया गावच्या मनसुखभाई जगाणी यांनी एनफील्ड बुलेटचे मागचे चाक काढले, तिथे दोन चाकांचा अॅक्सल बसवला, साडेपाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन घातले आणि मागे अवजार जोडले. सौराष्ट्रात औताला सांती म्हणतात, म्हणून ही बुलेट सांती. तिच्यासाठी त्यांना २००५ साली अमेरिकेचे पेटंट मिळाले. तिकडे बुलेटचे तोंड आणि डिझेल इंजिन जोडलेले छकडे आधीपासून मालवाहतुकीला पळत होतेच, त्यामुळे असले काम जाणणारे मिस्त्री गावोगाव होते. आपल्याकडे तो मिस्त्री नाही, हा फरक लक्षात न घेता फक्त फोटो बघून कामाला लागणे धोक्याचे.

आमच्या बाप-लेकांनी तेच केले. संक्रांतीच्या सुमारास वेल्डिंग सुरू झाले. पैसे कमी पडले तेव्हा खतासाठी बाजूला ठेवलेले अठरा हजार त्यात गेले. पोराने हौसेने पुढचे दांडे वीतभर लांबवले, टाकीला लाल रंग दिला. जूनमध्ये गाडी डांबरी रस्त्यावर मस्त पळाली. पुनर्वसूचा पाऊस पडून वाफसा आला आणि ती सोयाबीनमध्ये घातली, तेव्हा पहिल्या गिअरलाही ती इतकी जोरात धावे की कोळपे रोपे उपटत जाई. म्हणून पोरगा अर्धा क्लच दाबून चालवू लागला. दुसऱ्या दिवशी क्लच प्लेटा जळाल्या. त्या बदलल्या, तर चौथ्या दिवशी इंजिन तापून पिस्टन जाम झाला. बांधाकडेला वळवताना लांब दांड्यांमुळे गाडी वळेना, दर फेरीला दोघांनी उचलून फिरवावी लागे. तोवर गवत वर आले, आणि शेवटी बायका लावून खुरपणी करावी लागली. खत निम्मेच पडले. त्या वर्षीचा उतारा मी इथे सांगत नाही.

आता एकेक गोष्ट पाहू. सगळ्यात आधी पीक ठरवा, गाडी नंतर. सोयाबीन ४५ सेंटिमीटरवर असेल तर मागच्या दोन चाकांतील अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ९० सेंटिमीटर हवे. मग पुढचे चाक मधल्या मोकळ्या पट्ट्यात, मागची दोन्ही चाके शेजारच्या पट्ट्यांत आणि दोन ओळी पोटाखालून जातात. हेच यंत्र ९० सेंटिमीटरच्या कपाशीत घातले की मागची चाके थेट ओळीवर चढतात. तिथे अंतर ६० वर आणून अख्खी गाडी दोन ओळींमध्ये चालवावी लागते. म्हणून अॅक्सलवर चाके आत-बाहेर सरकवून बोल्टने आवळता येतील अशी सोय पहिल्यापासून ठेवा. नंतर करायला गेलात तर अख्खा अॅक्सल नवा करावा लागतो. अॅक्सलची उंचीही मोजा. पहिली कोळपणी पंधरा-वीस दिवसांनी आणि दुसरी तीस-पस्तीस दिवसांच्या आत करायची, तर दुसऱ्या पाळीला रोपे अॅक्सलला घासणार की नाही हे आजच कळते. बारकी चाके स्वस्त मिळतात, पण तिथेच घात होतो.

दुसरी गोष्ट वेगाची, आणि माझ्या मते नव्वद टक्के गाड्या इथेच फसतात. बैलजोडी ताशी तीन किलोमीटरच्या आसपास चालते. मोटारसायकल पहिल्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण सोडून, ताशी आठ-दहाने पळते. शेतात तीस मीटर दोरी टाकून बघा : बैलांना छत्तीस-चाळीस सेकंद लागतात, गाडी ते अंतर बाराएक सेकंदांत कापते. म्हणजे वेग एक-तृतीयांशावर आणायला हवा. त्यासाठी इंजिन आणि मागचा अॅक्सल यांच्यामध्ये एक जादा शाफ्ट टाकावा लागतो. इंजिनकडून येणारी चेन या शाफ्टवरच्या मोठ्या चक्रावर, आणि तिथून दुसरी चेन अॅक्सलवर. १४ दातांवरून ४२ दातांवर गेलात की वेग बरोबर तिसरा हिस्सा होतो आणि ओढ तेवढीच वाढते. दोन बेअरिंग, एक शाफ्ट, दोन चक्रे, लेथवरचे थोडे काम. एवढ्यासाठी त्या बाप-लेकांचा हंगाम गेला. रंगाला पैसे होते, शाफ्टला नव्हते.

ओढायला ताकद पुरेल का, असे बरेच जण विचारतात. बैलजोडी सतत काम करताना साधारण एक अश्वशक्ती देते. १०० सीसीचे इंजिन सावकाश फिरवले तरी त्याहून जास्त देते. तेव्हा कोळपणी, हलकी वखरपाळी यांना ते पुरते. नांगरट मात्र विसरा. आणि ताकद असली तरी चाक जागेवर फिरले तर उपयोग काय? काळ्या रानात वाफसा नीट आल्याशिवाय यंत्र घालू नका, मागच्या बाजूला वजन ठेवा, आणि फास (काही भागांत पास म्हणतात) तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल घालू नका.

इंजिन तापण्याचे कारण साधे आहे. मोटारसायकलचे इंजिन पुढून येणाऱ्या वाऱ्याने थंड होते. ताशी तीन किलोमीटरला वारा कुठला? त्यात जुलैमधले ऊन पडले की संपलेच. जुन्या कारच्या रेडिएटरचा बारा व्होल्टचा पंखा भंगारात मिळतो, तो सिलिंडरसमोर बसवा. मोटारसायकलची वायरिंग एवढा भार ओढत नाही म्हणून त्याला वेगळी बॅटरी द्या आणि ती रोज घरी चार्ज करा. इंजिन ऑइल वेळेआधी बदला आणि तासाभराने दहा मिनिटे थांबा. याहून सोपी वाट म्हणजे जुन्या रिक्षाचे मागचे धूड घेणे. रिक्षाचे एअरकूल इंजिन स्वतःच्या पंख्याने थंड होते, आणि मागे घ्यायचा गिअर व डिफरन्शियल आयतेच मिळतात, त्यामुळे वळणावर उचलाउचल नाही. उणीव एकच : इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच डब्यात असल्याने मध्ये जादा शाफ्ट टाकता येत नाही. तेव्हा घेण्याआधी त्याच दोरीवर वेग मोजा. पुढच्या दांड्यांना मात्र हात लावू नका. कारखान्याने दिलेला तिरपेपणा आहे तोच ठेवा. दांडे जेवढे लांब आणि तिरपे, तेवढे हळू चालताना हँडल जड होते आणि वळायला जागा जास्त लागते. अमेरिकेतल्या सरळ, रुंद रस्त्यावर ते शोभते, आपल्या बांधावर नाही.

आता पैशाचे बोलू. समजा तुमचे पाच एकर सोयाबीन आहे. दोन पाळ्या धरल्या तर दहा एकर कोळपणी झाली. बैलजोडीचे भाडे एकरी ७०० धरा, यंत्राचे पेट्रोल-तेल आणि झीज मिळून २०० धरा. एकरी ५०० वाचले, म्हणजे वर्षाला ५,०००. यंत्राला ३०,००० लागले तर पैसे फिटायला सहा वर्षे! जुन्या इंजिनाची खात्री सहा वर्षे कोण देणार? हेच यंत्र शेजाऱ्यांच्या आणखी वीस एकर पाळ्यांना भाड्याने गेले तर वर्षाला १५,००० सुटतात आणि दोन हंगामांत खर्च निघतो. आकडे तुमच्या गावचे घाला, पण वहीत मांडा. पाच एकरांच्या आतल्या एकट्या शेतकऱ्याने हे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिघा-चौघांनी किंवा गावच्या गटाने मिळून करावे. पॉवर वीडरला महाडीबीटीवर अनुदानासाठी अर्ज करता येतो. घरी बनवलेल्या यंत्राला अनुदान मिळत नाही, कारण तपासणी झालेलीच यंत्रे त्यात बसतात. तीही बाजू तोलून बघा.

खर्च कोणत्या क्रमाने करायचा यालाही महत्त्व आहे. हातातल्या पैशाचा पाचवा हिस्सा पहिल्या दिवशी बाजूला काढा आणि विसरून जा. पहिल्या आठवड्यात काहीतरी तुटणारच. मग इंजिनची दुरुस्ती, कारण इंजिन उघडल्यावरच खरा आकडा कळतो. तो आवाक्याबाहेर गेला तर तिथेच थांबता येते. त्यानंतर शाफ्ट, अॅक्सल आणि ब्रेक. ब्रेक मागच्या दोन्ही चाकांना हवा, उताराच्या रानात यंत्र मागे सरकते. चेनवर पत्र्याचे झाकण घाला. धोतराचा सोगा, साडीचा पदर, पोराचा हात, काहीही त्यात जाऊ शकते. त्यात कंजुषी नको. वेल्डिंगवाला जवळचा आहे म्हणून न घेता जाड पाइप जोडायचा सराव असलेला घ्या. चेसिस सगळ्यात आधी हँडलच्या मानेपाशी तडकते. रंग शेवटी, आणि नाही लावला तरी चालतो.

कागदांचा आळस करू नका. जुनी गाडी विकत घेताना आरसी बुकावरचा इंजिन आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी ताडून बघा, बँकेचा बोजा उतरला आहे का ते पाहा, भंगारवाल्याकडून घेतलेल्या इंजिनाची पावती ठेवा. चोरीचे इंजिन निघाले तर पोलीस तुमच्याच दारात येतात. गाडी कापून कायमची रस्त्याबाहेर काढली की कलम ५५ प्रमाणे चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. त्यानंतर ते अवजार झाले. एका रानातून दुसऱ्या रानात रस्त्याने न्यायचे तर ट्रॉलीत घालून न्या.

त्या बाप-लेकांचे सांगायचे राहिले. दुसऱ्या वर्षी पेरणीआधी ते पुन्हा आले. या वेळी मी वही काढली. दांडे मूळचे बसवले, मधला शाफ्ट टाकला, पंखा लावला, आणि भावकीतल्या दोघांना भागीदार घेतले. गेले दोन हंगाम यंत्र चालते आहे. खताचे अठरा हजार मात्र अजून पूर्ण निघालेले नाहीत, हे बाप मला दर भेटीत आठवणीने सांगतो.

गेल्या आठवड्यात पोरगा एकटाच आला होता. या वेळी हरभरा ३० सेंटिमीटरवर घेतला आहे, मागची चाके कितीवर ठेवू म्हणून विचारत होता. ९० वर ठेवली तर ती ओळीवर जातील, ६० वर आण, असे सांगितले. आधी बांधाशेजारच्या मोकळ्या जागेत दोऱ्या लावून पन्नास फूट चालवून बघायचे आणि मगच पिकात घालायचे ठरले आहे.